सहा सेकंदांचे तुकडे: थेट ध्वनिप्रसारण उभारताना गेलेले सात आठवडे

आमच्या वाचनमंडळाचे अभिवाचन दर शनिवारी संध्याकाळी दोन तास चालते. सभागृहात पंचवीस-तीस माणसे असतात आणि जवळपास तितकीच माणसे आजारपण, अंतर किंवा लहान मुले यांमुळे घरी अडकलेली असतात. त्यांच्यापर्यंत निदान आवाज पोहोचवावा, चित्राच्या भानगडीत पडू नये, असे ३ ऑगस्टच्या बैठकीत ठरले, आणि मंडळाचे संकेतस्थळ मी सांभाळत असल्यामुळे हे कामही माझ्याच पदरात पडले. मी ध्वनितंत्रज्ञ नाही. टर्मिनलवर चार कमांड देता येतात आणि लॉग वाचता येतो, एवढीच माझी शिदोरी. पहिले निर्विघ्न प्रसारण २१ सप्टेंबरला झाले. या वाटेने जाणाऱ्या कुणाचे तरी काही दिवस वाचावेत म्हणून मधल्या सात आठवड्यांचा हिशेब इथे मांडत आहे.

सुरुवात मी आइसकास्ट या ध्वनिप्रसारणाच्या सर्व्हर-प्रणालीपासून केली. त्यात ऐकणारा सर्व्हरशी एकच जोडणी करतो आणि त्या जोडणीतून आवाज अखंड वाहत राहतो. मांडणी सोपी असते आणि विलंबही कमी असतो. १० ऑगस्टला सहा जणांना ऐकायला बसवले. त्यांपैकी दोघांचा आवाज घराबाहेर पडताक्षणी बंद झाला, कारण फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की जुनी जोडणी तुटते. एकीच्या कार्यालयातील नेटवर्कने आइसकास्टचे नेहमीचे ८००० क्रमांकाचे पोर्टच अडवलेले होते. या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत हे आता मला ठाऊक आहे. पण त्या वेळी मला वाटले की जी पद्धत साध्या वेबपानासारखी वागेल तीच आमच्या श्रोत्यांना झेपेल. म्हणून मी एचएलएसकडे वळले.

एचएलएस म्हणजे एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग. ॲपलने ही पद्धत २००९ मध्ये आणली आणि तिचे तपशील २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ या क्रमांकाच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. तिची कल्पना इतकी साधी आहे की आधी विश्वास बसत नाही. आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा एक स्वतंत्र फाइल म्हणून सर्व्हरवर ठेवायचा आणि शेजारी एम-थ्री-यू-एट या जातीची एक मजकुराची फाइल ठेवायची, जिच्यात सध्या उपलब्ध असलेल्या शेवटच्या काही तुकड्यांची यादी असते. नवा तुकडा तयार झाला की यादीच्या तळाशी त्याचे नाव जोडले जाते आणि वरचे सर्वांत जुने नाव गळून पडते. ऐकणाऱ्याचा प्लेअर दर काही सेकंदांनी ती यादी पुन्हा मागवतो, त्यातील नवी नावे पाहतो आणि त्या फाइली उतरवून एकापुढे एक वाजवतो. अखंड जोडणी अशी कुठेच नसते, त्यामुळे फोनने नेटवर्क बदलले तरी पुढची फाइल नव्या वाटेने येते. सर्व्हरच्या दृष्टीने पाहिले तर हे फाइली वाटण्याचेच काम आहे.

आता कागदपत्रांविषयी, कारण त्यांनी माझे सर्वाधिक दिवस खाल्ले. संकेतस्थळ ज्या सामायिक होस्टिंगवर होते त्याच्या वापराच्या अटी मी प्रथमच नीट वाचल्या, तेव्हा थेट प्रसारणाला तिथे मनाई असल्याचे आढळले. १२ ऑगस्टला वेगळा लहान आभासी सर्व्हर भाड्याने घेण्यासाठी अर्ज केला; ओळखपत्राची पडताळणी होऊन तो हातात यायला दोन दिवस लागले. मंडळाच्या जुन्या डोमेनखालीच उपनाव तयार करण्याचा विचार होता, पण ते डोमेन पूर्वीच्या एका सभासदाने स्वतःच्या नावावर नोंदवलेले निघाले आणि त्याचा पासवर्ड कुणाकडेच नव्हता. म्हणून १२ तारखेलाच नवे डोमेन घेतले. तुमच्या संस्थेचे डोमेन कुणाच्या नावावर आहे हे एखाद्या निवांत दिवशी तपासून ठेवा. घाईच्या दिवशी ते कळणे फार महागात पडते.

याच आठवड्यात लेखकांच्या परवानगीची पत्रेही पाठवली. सभागृहात पंचवीस-तीस माणसांसमोर वाचणे आणि तेच इंटरनेटवरून कुणालाही ऐकू देणे या स्वामित्व हक्काच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे ज्या पुस्तकांचे हक्क अजून संपलेले नाहीत त्यांच्या प्रकाशकांना लेखी विचारावे लागले. एका प्रकाशकाचे उत्तर अकरा दिवसांनी आले आणि त्यात ध्वनिमुद्रण साठवून ठेवू नये अशी अट होती. ती अट मला पुढे सोयीचीच ठरली, कारण जुने तुकडे आपोआप पुसले जातील अशीच मांडणी करायची होती. वाचणाऱ्यांच्या सह्याही एका कागदावर घेतल्या.

१५ ऑगस्टला सर्व्हरवर सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र बसवायला घेतले. ते आवश्यकच असते, कारण आपले पान सुरक्षित पत्त्यावर असेल आणि त्यातील प्लेअर तुकडे असुरक्षित पत्त्यावरून मागू लागला तर ब्राउझर ती मागणी अडवतो. डोमेनची नोंद सगळीकडे पोहोचण्याआधीच मी प्रमाणपत्र मागण्याची घाई केली, पडताळणी पाचदा फसली आणि सहाव्या वेळी तासभर थांबण्याचा संदेश आला. ती मर्यादा योग्यच आहे. मी चहा करून बसले असते तर नोंद तोवर पोहोचली असती.

१७ ऑगस्टला पहिल्यांदा आवाज आला. सभागृहातील मिक्सरमधून यूएसबी साउंड कार्डात, तिथून एका जुन्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपवर एफएफएमपेग या मोफत साधनाने एएसी या आटोपशीर ध्वनिस्वरूपात एन्कोडिंग, आणि तो प्रवाह एसआरटी या मार्गाने सर्व्हरकडे, अशी वाट ठरवली. एसआरटी वाटेत हरवलेली माहितीची पाकिटे पुन्हा मागवते, त्यामुळे सभागृहाचे इंटरनेट अधूनमधून अडखळले तरी श्रोत्यांना ते कळत नाही. तुकडे पाडण्याचे काम सर्व्हरवरील दुसरा एफएफएमपेग करतो आणि तो आवाजाला हात लावत नाही, फक्त कापतो.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती पाठवायची ते, ठरवताना मी बराच वेळ विनाकारण घालवला. मानवी आवाजासाठी एकाच चॅनेलचा, सेकंदाला ६४ किलोबिटचा एएसी पुरेसा स्वच्छ लागतो. त्या हिशेबाने सहा सेकंदांचा तुकडा सुमारे ४८ किलोबाइटचा, एक तास २८.८ मेगाबाइटचा आणि आमचे दोन तास ५७.६ मेगाबाइटचे होतात. पन्नास श्रोते धरले तरी एका संध्याकाळी तीन गिगाबाइटच्या आतच काम होते. व्हिडिओसाठी लोक पाच-पाच दर्जांच्या याद्या ठेवतात ते वाचून मीही दोन दर्जा ठेवण्याच्या विचारात होते, पण एवढ्या लहान आकड्यांपुढे तो सोस निरर्थक वाटला आणि मी एकच दर्जा ठेवला. खर्चाच्या बाजूने पाहता सर्व्हरचे मासिक भाडे आणि डोमेनचे वार्षिक शुल्क एवढेच पैसे गेले; बाकी सगळी साधने मोफत मिळाली.

यादी पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मी सहा सेकंद सांगूनही पहिल्या तुकड्याची लांबी ६.०१६ सेकंद दिसत होती आणि पुढच्या तुकड्यांची सहाहून किंचित कमी. मला वाटले काहीतरी बिघडले आहे. पण तसे नव्हते. एएसीची एक चौकट, म्हणजे आवाजाचा सर्वांत लहान गठ्ठा, १०२४ नमुन्यांची (आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांची) असते आणि चौकट मधून कापता येत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर सहा सेकंदांत २८१.२५ चौकटी बसतात, म्हणजे एका तुकड्याला २८२ आणि पुढच्या तिघांना प्रत्येकी २८१ अशी वाटणी होते आणि चोवीस सेकंदांनी हिशेब पुन्हा जुळतो. यादीच्या डोक्यावर जाहीर केलेली कमाल लांबी आणि तुकड्याची जवळच्या पूर्णांकात मोजलेली लांबी यांचा मेळ असला की नियमाचे समाधान होते, आणि ६.०१६ चा पूर्णांक सहाच. आठ सेकंदांच्या तुकड्यात नेमक्या ३७५ चौकटी बसतात; आकड्यांची सुबकता आवडणाऱ्यांनी ती लांबी घ्यावी.

त्यानंतरचे तीन दिवस ब्राउझरांच्या तऱ्हा समजून घेण्यात गेले. सफारीला एचएलएस मुळातच कळते. संगणकावरील इतर बहुतेक ब्राउझरांसाठी त्या वेळी पानात एचएलएस-जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी घालावी लागली, जी तुकडे स्वतः उतरवून ब्राउझरला समजेल अशा रूपात देते. यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. सफारीत आवाज येत होता आणि बाकी ठिकाणी शांतता. कारण असे की आमचे पान जुन्या डोमेनवर आणि तुकडे नव्या डोमेनवर होते. लायब्ररी जावास्क्रिप्टमधून फाइली मागते, आणि एका डोमेनवरील जावास्क्रिप्टला दुसऱ्या डोमेनवरील फाइल वाचायची असेल तर त्या दुसऱ्या सर्व्हरने तशी परवानगी उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीआधी पाठवल्या जाणाऱ्या माहितीत, द्यावी लागते. ती एक ओळ सर्व्हरच्या मांडणीत घातली आणि आवाज सुरू झाला. फाइलींचा प्रकार सांगणारा हेडरही याच वेळी तपासून घ्यावा. तुकड्यांच्या फाइलींना टीएस हे शेपूट असते आणि टाइपस्क्रिप्टच्या फाइलींनाही तेच असते, त्यामुळे काही मांडण्यांत सर्व्हर आवाजाचा तुकडा मजकूर म्हणून पाठवतो.

पान उघडताच आवाज आपोआप सुरू व्हावा असा आमच्या मंडळींचा आग्रह होता. क्रोमने एप्रिल २०१८ पासून आवाजासह आपोआप वाजण्यावर बंधन घातले आहे आणि इतर ब्राउझरही तसेच वागतात. मी मोठ्या अक्षरांत ‘ऐका’ असे बटण ठेवले आणि चर्चा तिथेच थांबवली.

२३ ऑगस्टच्या शुक्रवारी रंगीत तालीम झाली आणि ती व्यवस्थित पार पडली. २४ ऑगस्टला शनिवारचे प्रत्यक्ष अभिवाचन सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील, तोच मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. “अगं, तुमचं वाचन सुरू झालं ना? मग मला कालचंच का ऐकू येतंय? काल तू माइक तपासताना एक-दोन-तीन म्हणत होतीस, तेच लागलंय.” मी माझ्या संगणकावर ऐकले तर समोरचे वाचन बरोबर येत होते. मी त्यांना पान पुन्हा उघडायला सांगितले, त्यांनी ते तीनदा उघडले, आणि तीनही वेळा त्यांना शुक्रवारची मीच ऐकू आले. नंतर आणखी चौघांचे तसेच निरोप आले. जे शुक्रवारी तालमीला नव्हते त्यांना मात्र सगळे ठीक ऐकू येत होते.

हे कोडे सुटायला रविवारची दुपार झाली. एफएफएमपेग प्रत्येक वेळी नव्याने सुरू झाला की तुकड्यांना शून्यापासून क्रमांक देतो, म्हणजे शुक्रवारचा बारावा तुकडा आणि शनिवारचा बारावा तुकडा यांचे नाव एकच. आणि मी कुठल्याशा जुन्या सवयीने तुकड्यांच्या फाइलींना एक दिवस कॅशेमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवण्याचा हेडर लावला होता. त्यामुळे काकूंचा ब्राउझर यादी ताजी आणत होता, त्यात बाराव्या तुकड्याचे नाव वाचत होता, तो आपल्याकडे आहेच असे पाहून प्रामाणिकपणे शुक्रवारचा तुकडा वाजवत होता. माझ्या संगणकावर हा दोष दिसला नाही याचे कारण अधिक लाजिरवाणे आहे: चाचण्या करताना मी डेव्हलपर टूल्समध्ये कॅशे बंद ठेवण्याची खूण केली होती आणि ती तशीच राहिली होती. तेव्हापासून मी प्रत्येक तालीम दुसऱ्याच्या फोनवर ऐकते.

उपाय दोन भागांत केला. तुकड्यांचे क्रमांक शून्याऐवजी त्या क्षणाच्या युनिक्स वेळेपासून (१९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांपासून) सुरू करण्याची सोय एफएफएमपेगमध्ये आहे, ती वापरली. यात एक छान गंमत आहे: दर सहा सेकंदांनी क्रमांक एकाने वाढतो आणि घड्याळ सहाने पुढे जाते, त्यामुळे मध्येच प्रसारण तुटून पुन्हा सुरू झाले तरी नवा क्रमांक जुन्यांच्या पुढचाच असतो. हे नावांसाठी जितके उपयोगी तितकेच यादीसाठीही, कारण यादीतील पहिल्या तुकड्याचा क्रमांक कधीही मागे जाऊ नये असा नियम आहे आणि तो मागे गेला की काही प्लेअर नुसते वाट पाहत बसतात. दुसरा भाग कॅशेचा. तुकडा एकदा तयार झाला की बदलत नाही, म्हणून त्याला दीर्घ मुदत चालते. यादी मात्र दर सहा सेकंदांनी बदलते, म्हणून तिला दोन सेकंदांहून अधिक मुदत मी देत नाही.

तुकडे पुसण्याचा हिशेबही याच बैठकीत दुरुस्त केला. माझ्या यादीत दहा तुकडे, म्हणजे साठ सेकंद असतात. यादीतून नाव गळल्यावरही ती फाइल आणखी एका तुकड्याची लांबी अधिक पूर्ण यादीची लांबी इतका वेळ, म्हणजे ६६ सेकंद, सर्व्हरवर राहिली पाहिजे असे आरएफसी सांगते, कारण मागे पडलेला एखादा श्रोता अजून तिच्याकडे येत असू शकतो. एफएफएमपेग स्वतःहून यादीबाहेरची एकच फाइल राखून ठेवतो. मी तो आकडा बारा केला आणि लॉगमधील ४०४ च्या, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ असे सांगणाऱ्या, ओळी थांबल्या. यादी आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग तिचे नाव बदलण्याचा पर्यायही चालू करावा, म्हणजे अर्धवट लिहिलेली यादी कुणाच्या हाती पडत नाही.

२७ ऑगस्टला सकाळी नवे डोमेन जगातून नाहीसे झाले. सर्व्हर चालू, प्रमाणपत्र चालू, पण नाव सापडेना. डोमेन घेताना दिलेला ईमेल पत्ता पंधरा दिवसांत दुव्यावर टिचकी मारून पडताळायचा असतो, अन्यथा नोंदणी करणाऱ्या कंपनीला डोमेन स्थगित करावे लागते. हा नियम डोमेन-नावांची व्यवस्था पाहणाऱ्या इकॅन या संस्थेचा आहे आणि तो बहुतेक मोठ्या डोमेन प्रकारांना लागू होतो. पडताळणीचे पत्र १२ तारखेपासून माझ्या स्पॅममध्ये पडून होते. टिचकी मारली आणि संध्याकाळपर्यंत नाव परतले. शनिवार असता तर माझी अवस्था काय झाली असती, याचा विचार मी करत नाही.

३१ ऑगस्टच्या प्रसारणात तक्रार विलंबाची आली. घरून ऐकणाऱ्या एका काकांनी प्रश्न विचारायला सभागृहात फोन केला, तोवर वाचणारा दोन पाने पुढे गेला होता. यादीच्या शेवटापासून किमान तीन तुकड्यांइतके मागे राहूनच प्लेअरने सुरुवात करावी असा संकेत आहे. म्हणजे अठरा सेकंद तिथेच जातात, त्यात तुकडा पूर्ण होण्याचे सहा सेकंद आणि वाटेतला थोडा वेळ मिळवला की पंचवीसच्या आसपास आकडा येतो. मी दोन सेकंदांचे तुकडे करून पाहिले. विलंब दहा सेकंदांवर आला, पण विनंत्यांची संख्या तिप्पट झाली आणि दुबळ्या मोबाइल नेटवर्कवरचे तिघे जण सारखे अडखळू लागले. तुकड्यांचेही आणखी बारीक भाग करणारी कमी विलंबाची एचएलएस ॲपलने २०१९ मध्ये जाहीर केली आहे, परंतु त्यासाठी यादीची मागणी नवा भाग येईपर्यंत रोखून धरणारा सर्व्हर लागतो आणि एका वाचनमंडळासाठी एवढा घाट घालणे मला पटले नाही. सहा सेकंदांवर परतले आणि पानावर लिहिले की आवाज अर्ध्या मिनिटाने मागे आहे, प्रश्न मध्यंतरात विचारावेत. त्या एका वाक्यानंतर तक्रार आली नाही.

७ सप्टेंबरला प्रसारण सुरूच झाले नाही. लॅपटॉपवरील एफएफएमपेग बंद पडला तर त्याला पुन्हा उठवण्याचे काम मी लिनक्समधील सिस्टमडी या देखरेख करणाऱ्या प्रणालीवर सोपवले होते आणि निश्चिंत होते. त्या दिवशी लॅपटॉप सुरू झाला तेव्हा साउंड कार्डाची केबल लावलेली नव्हती. एफएफएमपेगला कार्ड सापडले नाही, तो तत्काळ बंद पडला, सिस्टमडीने त्याला लगेच उठवले, तो पुन्हा पडला. आणि दहा सेकंदांत पाच वेळा असे झाले की सिस्टमडी हात टेकतो. पुढे केबल लावली तरी उठवणारे कुणी उरले नव्हते. दोन प्रयत्नांमध्ये पाच सेकंदांचे अंतर ठेवले आणि प्रयत्नांची मर्यादा काढून टाकली, तेव्हा हा प्रश्न मिटला.

त्या आठवड्यात मी दोन रात्री अनावश्यक काळजीतही काढल्या. टीएस तुकड्यांतील वेळेचा शिक्का ३३ बिटांचा असतो आणि सेकंदाला ९०,००० ठोक्यांनी चालतो, त्यामुळे साडेसव्वीस तासांनी तो शून्यावर येतो. साउंड कार्डाचे घड्याळही खऱ्या वेळेपासून किंचित ढळते. दहा लाखांत पन्नास इतका फरक असेल तर दिवसाला चार सेकंदांहून अधिक. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला या दोन्ही गोष्टींचा विचार करावाच लागेल. आमच्या दोन तासांत तो फरक अर्ध्या सेकंदाचाही होत नाही.

१४ सप्टेंबरला एकदा सभागृहाचे इंटरनेट दीड मिनिट गेले आणि परतले. श्रोत्यांना तेवढी शांतता ऐकू आली, मग वाचन पुढे सुरू झाले; कुणालाही पान पुन्हा उघडावे लागले नाही. युनिक्स वेळेच्या क्रमांकांचा उपयोग त्या दिवशी प्रत्यक्ष दिसला.

२१ सप्टेंबरला एकेचाळीस जण घरून ऐकत होते आणि दोन तासांत माझा फोन एकदाही वाजला नाही. रविवारी सकाळी सवयीने लॉग उघडला, तर एक पत्ता रात्रभर दर तीन सेकंदांनी यादी मागत राहिलेला दिसला. प्रसारण तुटल्यास प्लेअरने आशा सोडू नये म्हणून ‘यादी संपली’ असे सांगणारी शेवटची ओळ लिहायचीच नाही असा पर्याय मी निवडला होता, आणि यादी बदललेली दिसली नाही तर प्लेअर तुकड्याच्या निम्म्या लांबीने पुन्हा विचारतो. कुणाच्या तरी संगणकावर पान उघडे राहिले होते आणि तो संगणक सकाळपर्यंत पुढच्या तुकड्याची वाट पाहत होता. आता सभागृह बंद करताना मी एक छोटी स्क्रिप्ट चालवते, जी अर्धा मिनिट थांबून ती शेवटची ओळ यादीत लिहिते.